गोटी पान्यांचा संच आणि बंगळुरूच्या मोटारी

गोटी पाना हे दोन सुट्या भागांचे हत्यार आहे. गोटी म्हणजे पोलादी नळीचा आखूड तुकडा. त्याच्या एका तोंडाला नटावर चपखल बसणारी सहा किंवा बारा कोनांची खाच असते आणि दुसऱ्या तोंडाला चौकोनी भोक. त्या भोकात दांड्याचा चौकोनी खुंट बसतो. दांडा साधा असेल तर त्याचा आकार टी किंवा एल असतो. रॅचेटचा असेल तर आतले दाते एका दिशेला पकडतात आणि उलट दिशेला सुटतात, म्हणून हत्यार नटावरून न काढता हात मागेपुढे करत नट फिरवता येतो. फिक्स किंवा रिंग पान्यात प्रत्येक मापाबरोबर दांडाही विकत घ्यावा लागतो. गोटी संचात एका दांड्यावर वीस-पंचवीस मापे भागतात. घरच्या घरी मोटार दुरुस्त करणाऱ्याने हा संच घ्यायचा म्हटला की खरा प्रश्न मापांचा येतो, आणि मापे गाडीचा आराखडा कोणत्या देशात झाला यावर ठरतात. बंगळुरूच्या रस्त्यांवर गेल्या शतकात चार निरनिराळ्या मापपद्धतींच्या गाड्या आल्या. तिथल्या दुकानात आज मिळणाऱ्या पेटीत १२ आणि १३ मिलिमीटरच्या गोट्या शेजारीशेजारी का असतात, याचे उत्तर त्या क्रमात आहे.

हत्यार मोटारीपेक्षा जुने आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या वुडस्टॉक गावच्या जे. जे. रिचर्डसन याने रॅचेटच्या पान्याचे पेटंट १८६३ साली घेतले. पण त्याला खरे गिऱ्हाईक मिळवून दिले ते मोटारीने. इंजिनाभोवती जागा अपुरी असते, नट खोल खड्ड्यात बसलेले असतात आणि उघड्या तोंडाचा पाना तिथे फिरतच नाही. सुरुवातीला प्रत्येक मापाची गोटी तिच्या दांड्याला कायमची जोडलेली असे. मिलवॉकी शहरात जोसेफ जॉन्सन आणि विल्यम साइडमन यांनी १९२० साली स्नॅप-ऑन ही कंपनी काढली आणि पाच दांडे व दहा गोट्या अशी जोडणी विकायला आणली. कोणतीही गोटी कोणत्याही दांड्यावर बसत असल्याने पन्नास हत्यारांचे काम पंधरा नगांत होऊ लागले. दांडा आणि गोटी यांना जोडणाऱ्या चौकोनाची मापे इंचात ठरली ती तशीच राहिली: पाव इंच, तीन अष्टमांश इंच, अर्धा इंच आणि अवजड कामासाठी पाऊण व एक इंच. जगभर मिलिमीटरचे राज्य आले तरी हा चौकोन इंचाचाच आहे. जर्मनीत किंवा जपानमध्ये बनलेली १० मिलिमीटरची गोटीसुद्धा पाव किंवा अर्ध्या इंचाच्या खुंटावर बसते. आपल्याकडच्या गॅरेजांत इंचाचे आठ सूत धरतात, त्या हिशोबाने अर्ध्या इंचाचा दांडा चार सुती आणि तीन अष्टमांशाचा तीन सुती.

नटांच्या मापांची गुंतागुंत मात्र इंग्लंडमधून आली. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली आट्यांचे पहिले राष्ट्रीय प्रमाण मांडले. त्या पद्धतीत पान्यावर कोरलेला आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टाच्या जाडीचा असे. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचे तोंड प्रत्यक्षात ०.५२५ इंच, म्हणजे सव्वातेरा मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त रुंद असते. १९०८ साली बारीक आट्यांची दुसरी ब्रिटिश मालिका आली आणि तिच्या बोल्टांची डोकी व्हिटवर्थपेक्षा एक माप लहान ठेवली गेली. दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवण्यासाठी व्हिटवर्थ नटांचेही एक माप कमी केले. त्यामुळे एकाच पान्यावर दोन आकडे कोरलेले दिसतात आणि नवख्याला दोन्ही फसवे वाटतात. अमेरिकेने सरळ मार्ग धरला. तिथे पान्यावरचा आकडा नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर सांगतो. आपल्याकडे या मापांना एएफ म्हणतात.

बंगळुरूत या दोन्ही पद्धती बहुधा बरोबरीनेच पोचल्या. १८०९ साली वसलेल्या कँटोन्मेंटमधील साहेबलोकांच्या ऑस्टिन आणि मॉरिस गाड्या इंग्लिश मापांच्या, तर १९२८ पासून मुंबईत शिवडीच्या जनरल मोटर्स कारखान्यात जुळवल्या जाणाऱ्या शेव्हरोले अमेरिकन मापांच्या. दोन्ही प्रकारच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याला दोन वेगळे संच ठेवावे लागत. बर्मिंगहॅमच्या किंग डिकसारख्या कारखान्यांचे पाने महाग होते. ते मिस्त्रीच्या पेटीत असत, मालकाच्या घरी नव्हे. मालकाकडे गाडीबरोबर आलेली कापडी गुंडाळी असे: दोन-तीन फिक्स पाने, चाकाचा पाना, प्लगचा पाना आणि जॅक.

बंगळुरूला यंत्रांचे शहर करणाऱ्या घटनांत मोटारीचा वाटा अप्रत्यक्ष, पण मोठा आहे. म्हैसूरचे माजी दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकले होते आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी उमेदीची वर्षे काढली होती. १९३० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी भारतात मोटारींचा कारखाना काढण्याची योजना तयार केली. सोलापूरला जन्मलेले उद्योजक वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली. कारखाना म्हैसूर संस्थानात निघावा असाही प्रयत्न झाला, पण ब्रिटिश सरकारने साथ दिली नाही. मोटारीच्या कराराच्या खटपटीत १९३९ साली अमेरिकेला जाताना वालचंदांची गाठ विमानांचा व्यापार करणाऱ्या विल्यम पॉलीशी पडली आणि त्या भेटीतून विमानांचा कारखाना निघाला. म्हैसूर सरकारच्या भागीदारीत डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. आजची एचएएल ती हीच. मोटारींसाठी वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला झाला. एकाच माणसाच्या एका स्वप्नाची ही दोन टोके आहेत, आणि पुढे बंगळुरूच्या गॅरेजांत ती दोन्ही एकत्र आली.

१९४३ पासून युद्ध संपेपर्यंत बंगळुरूचा विमान कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात होता. चौऱ्याऐंशीवा एअर डेपो या नावाने तिथे विमानांची मोठी दुरुस्ती चाले. अमेरिकन विमानाचा प्रत्येक नट एएफ मापाचा, आणि इंजिन उघडायचे म्हणजे गोटी आणि रॅचेटशिवाय हात चालत नाही. विमानाच्या कामात बोल्ट किती जोराने आवळायचा हेही आकड्यात ठरलेले असते, त्यामुळे टॉर्क पाना ही तिथे रोजची वस्तू होती. युद्धात ब्रिटिश नटाला अमेरिकन पाना लागत नाही याचा त्रास सगळ्याच दोस्त सैन्यांना झाला होता. त्याचा परिणाम म्हणून नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी आट्यांची एकत्रित पद्धत मान्य केली. ब्रिटिश मोटार कारखान्यांनी १९५० च्या दशकात व्हिटवर्थ सोडून एएफ मापे घेतली ती या करारामुळे.

भारताच्या दृष्टीने हा बदल अगदी मोक्याच्या वेळी झाला. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सने १९५७ च्या सुमारास अँबेसडर आणली. ती मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवरून घेतलेली होती. दोन वर्षांत तिच्यात १४८९ सीसीचे बीएमसी इंजिन आले आणि त्या इंजिनाचे नट-बोल्ट एकत्रित पद्धतीचे होते. म्हणून अँबेसडर ठेवणाऱ्या घराला लागत ते ७/१६, १/२, ९/१६, ५/८ आणि ३/४ इंचाचे एएफ पाने. मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डला आणि विलिजच्या आराखड्यावरच्या महिंद्रा जीपलाही तीच मापे चालत. कुर्ल्याहून येणारी फियाट ११०० मात्र इटलीची, म्हणजे मूळची मिलिमीटरची. भारताने १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा केला आणि १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात आला. किलो आणि मीटर बाजारात रुळले, पण मोटारींचे बोल्ट कायद्याकडे पाहून बदलले नाहीत. पुढची पंचवीसएक वर्षे एका गल्लीतल्या दोन शेजाऱ्यांपैकी अँबेसडरवाल्याचे पाने फियाटवाल्याच्या कामाचे नसत.

नसत, पण पूर्ण निरुपयोगीही नसत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ ची गोटी थोडी ढिली बसते आणि हलके काम निभावते. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथे १९ ची गोटी जवळजवळ घट्ट बसते. ५/८ इंचावर १६ ची चालते. मात्र ९/१६ म्हणजे १४.२९ मिलिमीटर: १४ ची गोटी चढत नाही आणि १५ ची घसरते. ७/१६ म्हणजे ११.११, तिथेही ११ अडते आणि १२ फिरते. अनुभवी मिस्त्रीला ही जुळणारी आणि न जुळणारी मापे तोंडपाठ असत. घरी काम करणारा बहुतेक वेळा चुकत असे आणि बोल्टाची टोके गोल होऊन बसत. जुनी अँबेसडर घेतली की आधीच्या मालकाने कुठे हात चालवला होता हे बोल्टांच्या डोक्यांवरून कळे.

त्या काळात घरची दुरुस्ती हौसेपेक्षा गरजेची होती. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे, म्हणून हातातली गाडी पंधरा-वीस वर्षे टिकवणे भाग होते. प्लग काढून घासायचे, पॉइंटची फट फिलर गेजने बसवायची, टॅपेट ठाकठीक करायचे, कार्ब्युरेटर धुवायचा, पंख्याचा पट्टा ताणायचा: ही कामे कित्येक मालक रविवारी सकाळी स्वतः करत. बंगळुरूत अशा मालकांची संख्या लक्षणीय असावी याला कारण आहे. विमान कारखान्यापाठोपाठ १९४८ साली टेलिफोन बनवणारी आयटीआय, १९५३ साली यंत्रे बनवणारी एचएमटी, १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि १९६४ साली बीईएमएल निघाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याने १९४१ साली हरिहरला लेथ बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर आणि १९४६ साली बंगळुरूला किर्लोस्कर इलेक्ट्रिक उभी केली होती. व्हर्नियर वापरणाऱ्या, पोलादाची जात ओळखणाऱ्या आणि बोल्ट कुठवर आवळावा हे हाताने जाणणाऱ्या माणसांच्या वसाहतीच शहराभोवती उभ्या राहिल्या. गोटी संच विकत घेण्याची ऐपत नंतर आली, पण त्याची कदर आधीपासून होती.

यातच मायकोचे नाव येते. जर्मनीच्या बॉशच्या सहकार्याने मोटर इंडस्ट्रीज कंपनी १९५१ साली स्थापन झाली आणि तिने बंगळुरूच्या आडुगोडी भागात डिझेलचे पंप व स्पार्क प्लग बनवायला सुरुवात केली. मायको प्लग देशभर पोचले. पेट्रोल गाडीच्या मालकाने घरी करायचे पहिले काम म्हणजे प्लग काढणे. १४ मिलिमीटर आट्यांच्या त्या प्लगाला २१ चा, नेमके सांगायचे तर १३/१६ इंचाचा पाना लागे. तो बहुधा दोन्ही बाजूंनी आडवी भोके असलेली पोकळ नळी आणि त्यातून घालायची सळई, म्हणजे टॉमी, अशा रूपात मिळे. नळी तिरकी बसली तर प्लगची चिनीमाती तडकते. आत रबराची कडी असलेली खोल गोटी प्लगला सरळ धरते आणि वर उचलूनही आणते. घरी वापरण्यासाठी पहिली गोटी म्हणून अनेकांनी विकत घेतली ती हीच, आणि तो निर्णय आजही योग्य म्हणावा लागेल.

हत्यारे येत कुठून? युद्धानंतर काही वर्षे लष्करी डिस्पोजलचा माल होता. मग आयातीवर निर्बंध आले आणि देशी कारखाने निघाले. फरिदाबादला जर्मनीच्या गेडोरच्या सहकार्याने झालानी घराण्याने मोठा कारखाना चालवला. जालंधर आणि लुधियाना ही पाने-पक्कडींची गावेच झाली. महाराष्ट्रात नाशिकच्या सातपूर वसाहतीत तापडिया टूल्सने स्वीडिश सहकार्याने १९६९ साली उत्पादन सुरू केले. नाशिकची पक्कड आणि पाने बंगळुरूच्या दुकानांत इतके सर्रास मिळतात की तापडिया हे नाव तिथे गॅरेजात वेगळे सांगावे लागत नाही. विक्रीची जागा मुख्यतः टाऊन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलकडे जाणारा जे. सी. रोड. म्हैसूरचे शेवटचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांच्या नावाचा हा रस्ता मोटारींच्या सुट्या भागांची पेठ म्हणून दक्षिणेत प्रसिद्ध आहे. शेजारच्या कलासिपाळ्यात लॉरी कंपन्यांचे अड्डे आणि बसस्थानक असल्याने माल उतरायला आणि गिऱ्हाईक यायला दोन्ही सोयीचे. सदर पत्रप्पा रोडवर हार्डवेअर, तर शिवाजीनगरात मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग मिळतात. पुण्याच्या जुन्या बाजारात असते तशीच तिथेही सुट्या गोट्यांची रास सापडते, आणि व्हिटवर्थ मापाची गोटी हवी असेल तर अशाच राशी चाळाव्या लागतात.

जुन्या गाड्या या शहरात तग धरतात, त्यालाही भूगोलाचे कारण आहे. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि समुद्र दूर आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजून जाम होणारा बोल्ट इथे दहा वर्षांनीही सुटतो. विंटेज गाड्या बाळगणाऱ्यांचा मोठा वर्ग शहरात आहे आणि त्यांच्या पेट्यांत अजूनही तिन्ही पद्धतींच्या गोट्या असतात. सिपानी कंपनीची डॉल्फिन ही बंगळुरूतच बनलेली गाडी याच वर्गाने आठवणीत ठेवली आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची ही फायबरची छोटी गाडी ब्रिटनच्या रिलायंट किटनवरून घेतलेली होती आणि तिचे ८४८ सीसीचे इंजिन अॅल्युमिनियमचे होते. अॅल्युमिनियममध्ये पोलादी बोल्ट आवळताना लांब दांडा घातकच. जरा जोर जास्त झाला की आटे जातात.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि एएफ संचांचे दिवस भरले. सुझुकीच्या आराखड्यावरची ही गाडी पूर्ण मेट्रिक होती, पण फियाटसारखी मेट्रिक नव्हती. इथे मापांचा चौथा अध्याय सुरू होतो आणि संच निवडताना आज सर्वात जास्त गोंधळ याच ठिकाणी होतो. बोल्टाची जाडी जगभर सारखीच, ६, ८, १०, १२ मिलिमीटर. फरक डोक्याच्या रुंदीत आहे. ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाचे डोके सगळीकडे बहुधा १० चे असते. ८ च्या बोल्टाला युरोपीय प्रघातानुसार १३ चे डोके, जपानी मोटारीत १२ चे. १० च्या बोल्टाला जुन्या जर्मन प्रमाणात १७ आणि नव्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात १६, जपानीत १४. १२ च्या बोल्टाला अनुक्रमे १९, १८ आणि १७. जपानी कारखान्यांनी लहान डोकी निवडली त्यामुळे वजन वाचले आणि अडचणीच्या जागेत गोटीला फिरायला वाव मिळाला. म्हणून मारुती, टोयोटा, होंडा आणि त्यांच्यासारखीच मापे वापरणारी ह्युंदाई यांना १०, १२, १४, १७ या चार गोट्या बहुतेक कामांना पुरतात. टाटांच्या गाड्यांत १३ लागते, कारण त्या कंपनीची मुळे १९५४ च्या डाइमलर-बेंझ कराराकडे, म्हणजे जर्मन प्रमाणाकडे जातात. पुण्यात घडलेली १९९८ ची इंडिकाही याच घरातली. अँबेसडरचे शेवटचे पर्व तर आणखी नमुनेदार. १९९० च्या दशकात तिच्यात इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन बसवले गेले, त्यामुळे इंजिन जपानी मिलिमीटरचे आणि बाकीचा सांगाडा इंचाचा. उत्पादन २०१४ साली थांबले, पण रस्त्यावर उरलेल्या अशा गाडीला दोन संच लागतात.

बंगळुरूत जपानी मापांचे पारडे कायमचे जड केले ते बिदडीने. शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर, म्हैसूर रस्त्यावर, किर्लोस्कर समूहाच्या भागीदारीत १९९७ साली टोयोटा किर्लोस्कर मोटर स्थापन झाली. तिची पहिली गाडी क्वालिस २००० सालच्या सुरुवातीला आणि इनोव्हा २००५ साली आली. विमानतळाच्या टॅक्सीपासून माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या ने-आणीपर्यंत शहरभर याच गाड्या धावू लागल्या, आणि जे. सी. रोडवर १२ आणि १४ च्या गोट्या सुट्या विकल्या जाऊ लागल्या. २००७ साली बिदडीलाच टोयोटाची तंत्रशिक्षण संस्था निघाली. तिथून आणि कंपनीच्या सर्व्हिस केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या कारागिरांबरोबर टॉर्क पाना वापरण्याची शिस्त लहान गॅरेजांतही उतरली.

दरम्यान हत्यारातही सुधारणा होत गेल्या आणि त्यांतल्या काही खरेदीच्या वेळी तपासण्याजोग्या आहेत. गोटी दांड्यावरून एका बोटाने सोडवणाऱ्या बटणाची युक्ती पीटर रॉबर्ट्स या अमेरिकन तरुणाची. तो सिअर्सच्या दुकानात नोकरीला होता आणि १९६५ साली त्याला पेटंट मिळाले. कंपनीने त्याचे हक्क दहा हजार डॉलर देऊन घेतले, पुढे लाखो पाने विकले गेले आणि रॉबर्ट्सला न्यायासाठी वीस वर्षे कोर्टात भांडावे लागले. रॅचेटच्या दात्यांची संख्याही महत्त्वाची. २४ दाते असतील तर पुढचा दाता पकडायला दांडा १५ अंश हलवावा लागतो, ७२ असतील तर फक्त ५. आजच्या गाड्यांच्या गच्च भरलेल्या बॉनेटखाली हा फरक काम होणे आणि न होणे यांतला असतो. बारा कोनांची गोटी नटावर पटकन बसते, पण तिचा जोर नटाच्या कोपऱ्यांवर पडतो. सहा कोनांची गोटी सपाट बाजूंवर जोर देते, म्हणून गंजलेल्या किंवा झिजलेल्या बोल्टाला तीच हवी. घरच्या कामात घाई नसते. सहा कोनांचाच संच घेणे शहाणपणाचे.

गोटी क्रोम-व्हॅनेडियम पोलादाची असावी हे सगळेच सांगतात, पण ते शब्द स्वस्त मालावरही कोरलेले असतात. पारख करायची तर गोटीची भिंत एकसारखी जाड आहे का, खाचेच्या कडा स्वच्छ आहेत का, बनवणाऱ्याचे नाव आणि माप खोल ठशात आहे का, खुंटावर गोटी बसवल्यावर डुलते का, हे पाहावे. हवेच्या किंवा बॅटरीच्या इम्पॅक्ट यंत्रावर चकचकीत मुलामा दिलेली गोटी कधीच लावू नये. ती तडकून तुकडे उडतात. त्या कामासाठी काळ्या रंगाच्या क्रोम-मॉलिब्डेनमच्या गोट्या वेगळ्या मिळतात.

बाजारातला प्रचलित देशी संच अर्ध्या इंची दांड्याचा आणि बहुधा १० ते ३२ मिलिमीटरच्या गोट्यांचा असतो. तो मुळात गॅरेजसाठी बेतलेला आहे. २७, ३० किंवा ३२ ची गोटी घरच्या कामात क्वचितच बाहेर निघते आणि ८ ची मात्र त्यात नसते, जी होजच्या क्लिपा आणि प्लॅस्टिकच्या आवरणांचे स्क्रू काढायला सतत लागते. जपानी किंवा कोरियन गाडी असलेल्या घराला तीन सुती दांड्याचा लहान संच आणि त्याच्या जोडीला अर्ध्या इंची लांब दांडा व चाकाच्या नटाच्या दोन गोट्या, ही जोडणी अधिक उपयोगी. चाकाचे नट मारुतीच्या बहुतेक गाड्यांना १९ चे आणि टोयोटाला २१ चे. मापे ८, १०, १२, १४, १७, १९, २१; टाटा किंवा युरोपीय गाडी असेल तर १३, १६ आणि १८ ची भर. १० आणि १२ च्या खोल गोट्या, पंधरा सेंटिमीटरचे एक एक्स्टेन्शन आणि एक युनिव्हर्सल जॉइंट एवढे हवेच. प्लगसाठी जुन्या गाडीला २१, बऱ्याच नव्या गाड्यांना १६ आणि काहींना पातळ भिंतीची १४ ची गोटी लागते. प्लग खोल विहिरीत असल्याने एक्स्टेन्शन इथेही लागते. चाकण आणि औरंगाबादला बनलेल्या फोक्सवॅगन-स्कोडा गाड्यांना चाकाचे नट नसून १७ चे बोल्ट असतात, आणि इंजिनाभोवती टॉर्क्स जातीचे ताऱ्याच्या आकाराचे स्क्रू भेटतात. त्यांच्यासाठी सहा कोनांचा कोणताही संच अपुरा.

सोडवायला रॅचेट आणि आवळायला टॉर्क पाना हा क्रम पाळला तर नुकसान टळते. टोयोटाच्या चाकाचे नट १०३ न्यूटन-मीटरला आवळायचे असतात, म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण साडेदहा किलो वजन टांगल्याइतके. चाकाच्या पान्यावर पाय देऊन उभे राहणारा माणूस याच्या कितीतरी पुढे जातो, आणि पुढच्या वेळी रस्त्यात पंक्चर झाल्यावर तोच नट सुटत नाही. जाम झालेला बोल्ट रॅचेटने सोडवू नये. आतले दाते तुटतात. त्यासाठी दाते नसलेला लांब सरळ दांडा, म्हणजे ब्रेकर बार, स्वस्तात मिळतो. काम झाल्यावर टॉर्क पान्याचा आकडा सर्वात खालच्या खुणेवर आणून ठेवावा, नाहीतर आतली स्प्रिंग ताणात राहून माप चुकू लागते.

भारतातल्या सुरुवातीच्या विजेच्या गाड्यांतही बंगळुरूचे नाव येते. मैनी घराण्याच्या सहभागाने १९९४ साली निघालेल्या कंपनीची रेवा ही छोटी गाडी २००१ साली रस्त्यावर आली आणि २०१० साली कंपनी महिंद्रांकडे गेली. विजेच्या गाडीला प्लग नाही, टॅपेट नाही, तेल बदलायचे नाही. पण चाके, ब्रेक, सस्पेन्शन आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी आहेच, आणि त्यांना लागणाऱ्या गोट्या त्याच १० ते २१ च्या आहेत. नारिंगी आवरणाच्या जाड वायरी मात्र उच्च दाबाच्या असतात. तिथे १००० व्होल्टपर्यंत प्रमाणित केलेली इन्सुलेटेड हत्यारे आणि प्रशिक्षण दोन्ही लागते, म्हणून त्या भागाचे काम घरच्या संचाच्या कक्षेत येत नाही.